न मोजलेलें म्हातारपण

जुन्नर शहराच्या उत्तरेस सुमारें ३ मैलांवर, कुकडी नदीच्या पलीकडे, लेण्याद्रीचा डोंगर आहे. अष्टविनायकांपैकीं गिरिजात्मज तो येथला. आठांमध्यें डोंगरावर आणि लेण्यांत वसलेला असा हा एकच. वर जाण्यास तीनशेंहून अधिक पायऱ्या आहेत, आणि ज्यांचे गुडघे थकले त्यांच्यासाठीं पायथ्याशीं डोलीवाले उभे असतात. पुण्यामुंबईकडील वृद्ध यात्रेकरू डोलींत बसून वर जातात, दर्शन घेतात, घटकाभर सभामंडपांत टेकतात आणि खालीं येतात. ज्या सभामंडपांत ते टेकतात तो मूळचा बौद्ध भिक्षूंचा विहार होय. शेजारचें चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्तानें दान दिलें, असें तेथील ब्राह्मी लेख सांगतो. सुलसदत्ताचें घराणें, त्याची पेढी, त्याचे वंशज, सारें काळाच्या उदरांत गेलें. नांव मात्र कोणीं तरी दगडांत कोरलें म्हणून राहिलें.

लेण्याद्रीच्या पश्चिमेस मुलूख बदलतो. नाणेघाटापर्यंत, आणि दक्षिणेस आंबेगांव तालुक्यांतून थेट भीमाशंकराच्या रानापर्यंत, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्यावस्त्या पसरल्या आहेत. भाताचीं खाचरें, नाचणी-वरईचे उतार आणि हिरड्याचीं झाडें हा तेथील संसार. तेथील वृद्धहि डोंगर चढतात-उतरतात, पण त्यांना डोली नाहीं. दुखणें फारच वाढलें तर चादरीची झोळी करून चौघे जण त्यांना सडकेपर्यंत आणतात. दुखणें पोटाचें किंवा तापाचें असेल तर आणतात, असें म्हणणें अधिक बरोबर. म्हातारा स्वतःच्या घराची वाट विसरूं लागला, म्हातारी सुनेला परकी समजूं लागली, तर त्याकरितां झोळी बांधावी असें सहसा कोणाला वाटत नाहीं. वाटावें तरी कां? सडकेवर पोंचल्यावर त्या दुखण्याचें नांव सांगणारें कोण भेटणार आहे?

वार्धक्यांत बुद्धि व स्मृति ढळत जाण्याच्या या विकाराला आज स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. हा विकार वर्ण आणि कुळी पाहून माणसाला गांठीत नाहीं. पण त्याची दखल, त्याचें निदान आणि त्याची शुश्रूषा हीं मात्र गेलीं दोनशें वर्षें पुष्कळशीं वर्ण आणि कुळी पाहूनच वांटलीं गेलीं. लेण्याद्रीच्या पश्चिमेचा मुलूख हें त्या वांटणीचें शेवटचें टोंक होय.

मराठींत या अवस्थेला म्हातारचळ हा जुना आणि अर्थवाही शब्द आहे. ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण तर पोरासोरांच्याहि तोंडीं असते. दोहोंतहि थोडें हसें आहे, थोडी क्षमा आहे. आजार मात्र दोहोंत नाहीं. आजार हा शब्द पुढें आला तो युरोपांत. सन १९०६ च्या नोव्हेंबर महिन्यांत ट्युबिंगेन येथें जर्मन डॉक्टर आलोइस आल्झायमर यानें एका स्त्रीची हकीकत विद्वानांपुढें मांडली. ५१ व्या वर्षीं ती फ्रँकफुर्टच्या इस्पितळांत आली होती, तिला स्वतःचें नांव नीट लिहितां येईनासें झालें होतें, आणि मृत्यूनंतर तिच्या मेंदूंत सूक्ष्मदर्शकाखालीं विलक्षण गांठी व डाग आढळले. १९१० सालीं क्रेपेलिन यानें आपल्या पाठ्यपुस्तकांत या विकारास आल्झायमरचें नांव दिलें. गंमत अशी कीं, पुढें साठ-पासष्ट वर्षें हा रोग पन्नाशीच्या आसपासचा मानला जाई; सत्तरीच्या म्हाताऱ्याला तेंच झालें तर तो वयाचा धर्म. १९७६ सालीं रॉबर्ट काट्झमन या अमेरिकन डॉक्टरानें दोन्ही एकच होत असें ठामपणें लिहिलें, आणि तेव्हांपासून म्हातारचळाचा सर्वत्र रोग झाला. सर्वत्र म्हणजे जेथें डॉक्टर होते तेथें.

त्यापूर्वींची सोय कशी होती तें पाहण्यासारखें आहे. कंपनी सरकारच्या अमदानींत हिंदुस्थानांतील एखादा युरोपियन नोकर भ्रमिष्ट झाला तर त्याला शक्य तों विलायतेस परत पाठवीत. सन १८१८ पासून लंडननजीक हॅक्नी येथील पेंब्रोक हाऊस या खासगी संस्थेत असे रोगी कंपनीच्या खर्चानें ठेवले जात. १८७० सालीं ईलिंग येथें त्यांच्यासाठीं निराळें इस्पितळ निघालें, तें १८९२ पर्यंत चाललें. त्या रोग्यांच्या हकीकती लिहून ठेवलेल्या आहेत, आणि इतिहासकार त्या अजून वाचतात. राज्यकर्त्या जातीचा माणूस बरळत हिंडतांना प्रजेच्या दृष्टीस पडूं नये, हा त्या व्यवस्थेंतील एक हेतु होता. म्हणून तिला निव्वळ भूतदया म्हणतां येणार नाहीं. तथापि गोऱ्या रोग्याला जहाज मिळालें, खाट मिळाली आणि त्याच्या नांवाचा कागद झाला, एवढें खरें.

प्रजेसाठीं १८५८ चा ३६ वा कायदा झाला. वाट चुकून भटकणाऱ्या आणि घातक अशा वेड्यांना पोलिसांनीं मॅजिस्ट्रेटपुढें आणावें आणि त्यानें त्यांना इस्पितळांत धाडावें, हें त्याचें सार. मुंबई इलाख्यांत कुलाब्याचें इस्पितळ त्यापूर्वींचें, ठाण्यास नौपाड्याचें १९०१ सालीं निघालें, पुढें येरवड्याचें. हीं नांवें मराठी बोलण्यांत चेष्टेचे शब्द होऊन बसलीं, यावरूनच लोकांच्या मनांत त्या स्थळांविषयीं किती भरंवसा होता तें कळतें. १९१२ च्या कायद्यानेंहि मूळ दृष्टि फारशी पालटली नाहीं. रोगी सरकारदरबारीं शिरे तो पोलिसाच्या हातानें. आतां, म्हातारचळ लागलेली माणसें बहुधा कोणावर धांवून जात नाहींत. तीं ओट्यावर बसून तोच प्रश्न दहादां विचारतात. असा वृद्ध जुन्नरच्या पेठेंत भटकला तर फार तर चौकींत जाई. अंजनावळ्याच्या किंवा आहुप्याच्या रानांत भटकला तर त्याला शोधावयास घरचेच निघत, आणि सांपडला तर सांपडला.

गोऱ्या-काळ्यांचा हा निवाडा इस्पितळाच्या भिंतींतहि उतरलेला आहे. रांचीजवळ कांके येथें १९१८ सालीं केवळ युरोपियनांकरितां मनोरुग्णालय उघडलें. देशी लोकांचें त्याच्या शेजारीं १९२५ सालीं आलें. दोन्ही संस्था अजून आहेत, नांवें पालटलीं आहेत. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ सालीं, भोर समितीनें सारा हिशेब मांडला तेव्हां अखंड हिंदुस्थानांत मनोरुग्णांकरितां सुमारें १०,००० खाटा निघाल्या. इंग्लंडांत ३०० माणसांमागें एक खाट, येथें सुमारें ४०,००० माणसांमागें एक. त्या दहा हजारांत वृद्धांसाठीं म्हणून कोणी निराळा हिशेब केला नव्हता, मग डोंगरी वृद्धांचा कोठून असणार!

सरकारला हा डोंगराळ मुलूख ठाऊक नव्हता असें मात्र नाहीं. कॅप्टन मॅकिंटॉश यानें महादेव कोळ्यांच्या चालीरीतींवर विस्तृत लेख लिहिला, तो १८३० नंतरच्या दशकांतला. राघोजी भांगरे याच्या बंडापायीं फौजा या दऱ्याखोऱ्यांतून हिंडल्या, आणि २ मे १८४८ रोजीं त्याला ठाण्यास फांशीं दिलें. ठाण्याशीं या डोंगराचा संबंध जडला तो असा. १८७८ च्या जंगल कायद्यानें झाडन् झाड सरकारी वहींत आलें. जुन्नरजवळ हिवरें येथें डॉ. गिब्सन याच्या देखरेखीखालीं सरकारी वनस्पतिबाग होती. तेथें औषधी झाडें लावीत आणि औषधें सरकारी वैद्यकीय भांडाराकडे जात. १९०५ सालीं ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या सातव्या खंडांत कातकरी आणि ठाकरी बोलींचे नमुने छापले गेले. बंड, झाड, औषधि, बोली, सगळ्यांची नोंद झाली. ज्यांच्या तोंडची बोली टिपली त्यांच्या प्रकृतीची वही मात्र कोणीं घातली नाहीं.

वर्णावरून माणूस हेरण्याची ही रीत एकट्या इंग्रज सरकारची नव्हे. आल्झायमरच्या हाताखालीं म्युनिक येथें काम केलेल्या परदेशी डॉक्टरांत सॉलोमन कार्टर फुलर नांवाचा एक कृष्णवर्णी तरुण होता. त्याचा जन्म १८७२ सालीं लायबेरियांतील मन्रोव्हिया येथें झाला. त्याचे पूर्वज अमेरिकेंतील गुलाम. बोस्टन येथें वैद्यकीय पदवी घेऊन तो मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरोच्या इस्पितळांत मेंदूची तपासणी करी. १९१२ सालीं त्यानें आल्झायमरच्या विकाराचा सविस्तर आढावा इंग्रजींत प्रथम छापला आणि स्वतः पाहिलेल्या रोग्याची हकीकत त्यांत जोडली. या विकारांतील मेंदूचे फरक केवळ वार्धक्याचे मानूं नयेत, असा त्याचा रोंख होता. काट्झमनच्या कितीतरी आधीं! परंतु १९३३ सालीं त्याला डावलून त्याच्याहून कनिष्ठ अशा गोऱ्या सहकाऱ्यास प्राध्यापकपद मिळालें, तेव्हां तो विद्यापीठांतून निवृत्त झाला. पुढें दृष्टि गेली तरी रोगी पाहत राहिला आणि १९५३ सालीं वारला. त्याचें नांव वैद्यकाच्या पुस्तकांत फार उशिरां आलें.

ज्या अमेरिकेंत फुलरनें हें काम केलें, तेथें आज गोऱ्या वृद्धांच्या मानानें काळ्या वृद्धांत स्मृतिभ्रंश सुमारें दुप्पट आढळतो, आणि निदान मात्र उशिरां होतें. हा रक्ताचा दोष असावा असें मानण्याकडे एके काळीं कल होता. त्याला उत्तर मिळालें तें १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेंत. नायजेरियांतील इबादान येथील योरुबा लोक आणि इंडियानापोलिस शहरांतील आफ्रिकी वंशाचे अमेरिकन, असे दोन समाज एकाच कसोटीनें तपासले. ६५ वर्षांवरील शंभर माणसांत इबादानला सुमारें २, तर इंडियानापोलिसला शुश्रूषागृहांतील वृद्ध धरून सुमारें ८ रोगी निघाले. रक्ताचें नातें असलेल्या समाजांत एवढें अंतर पडतें, तर कारण रक्तांत नव्हे, राहणींत शोधलें पाहिजे. रक्तदाब, मधुमेह, शिक्षणाची संधि, दारिद्र्य, यांचा विचार त्यानंतर अधिक नेटानें होऊं लागला.

आपल्याकडे मोजदाद सुरू झाली ती आधीं ओळखीच्या दारांत. १९८८ सालीं डॉ. भरूचा आणि त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० माणसें तपासलीं आणि कंपवाताचें, म्हणजे पार्किन्सनच्या विकाराचें, प्रमाण लाखामागें ३२८ असें ठरविलें. वार्धक्यांतील मज्जाविकारांची इतकी चोख गणना तोंवर देशांत विरळाच. पारशी समाज सुशिक्षित, एकत्र राहणारा, जन्मतारखा जपणारा आणि डॉक्टरला दार उघडणारा. त्यामुळें काम सुकर झालें. त्या समाजाचें आणि त्या डॉक्टरांचें कौतुकच केलें पाहिजे. पण दुसऱ्या बाजूनें पाहतां, ज्याला मोजणें सोपें तो आधीं मोजला जातो, हा नियम तेव्हांपासून आजतागायत ढळलेला नाहीं. १९९८ सालीं हरियाणांतील बल्लभगडच्या खेड्यांची गणना प्रसिद्ध झाली. ती मात्र अवघड वाटेची होती, आणि म्हणूनच तिची हकीकत जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

स्मृति तपासण्याची जगभर चालणारी कसोटी १९७५ सालीं फोल्स्टीन दांपत्यानें आणि त्यांच्या सहकाऱ्यानें अमेरिकेंत रचली. तीस गुणांची ती तोंडी परीक्षा. आज तारीख कोणती, साल कोणतें, शंभरांतून सात सात वजा करीत चला, अमुक शब्दाचीं अक्षरें उलटीं म्हणा, कागदावर लिहिलें आहे तें वाचून तसें करा, एक वाक्य लिहा. शाळेचें तोंड न पाहिलेल्या माणसापुढें ही प्रश्नपत्रिका ठेवली तर तो पूर्ण शुद्धीवर असूनहि नापास होणार. आणि आयुष्यभर हिशेबनीस म्हणून वावरलेला माणूस बरेच विस्मरण लपवूनहि पास होणार. परीक्षा बुद्धीची म्हणावयाची आणि तपासावयाची मात्र शाळा, असा हा प्रकार! बल्लभगडच्या संशोधकांनीं हा दोष ओळखला. १९९५ सालीं मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिची हिंदी आवृत्ति केली ती नुसतें भाषांतर करून नव्हे. तारखेच्या हट्टाऐवजीं सकाळ आहे कीं दुपार तें विचारलें. अक्षरें उलटीं म्हणावयाच्या ऐवजीं आठवड्याचे वार उलटे म्हणावयाचे. मोठी वजाबाकी सोडून विसांतून तीन तीन काढावयाचे. वाचून डोळे मिटावयाच्या ऐवजीं समोरचा डोळे मिटतो तसे मिटावयाचे. वाक्य लिहावयाच्या ऐवजीं आपल्या घराविषयीं एक वाक्य बोलावयाचें. या कसोटीनें ६५ वर्षांवरील शंभर माणसांत दीडाहूनहि कमी रोगी निघाले, आणि जगांतील विद्वान चकित झाले.

लेण्याद्रीच्या पश्चिमेस हीच परीक्षा घ्यावयाची तर हिंदीचें मराठी करून भागणार नाहीं. वयाचाच प्रश्न घ्या. आज सत्तरी-ऐंशीच्या घरांत असलेल्या डोंगरी स्त्रीपुरुषांत जन्मतारीख ठाऊक असणारे थोडे. शिरगणतींतहि असे वृद्ध साठ, पासष्ट, सत्तर अशा गोल आंकड्यांवर गर्दी करून उभे राहतात. म्हणून जाणता पाहणीदार आधीं विचारतो कीं, १९६७ सालच्या डिसेंबरांत कोयनेचा भूकंप झाला तेव्हां तुम्ही केवढे होतां. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडावयास गेलां तेव्हां पदरीं मूल होतें कीं नव्हतें. पुढें प्रश्न येतो गांवाचा. आपण आतां कोठें आहों, हा प्रश्न अशा प्रत्येक परीक्षेंत असतो. कुकडी प्रकल्पांत माणिकडोह आणि डिंभें येथें धरणें झालीं आणि पश्चिमेकडील कित्येक वाड्या पाण्याखालीं गेल्या. ज्या आंबेगांवच्या नांवानें तालुका ओळखला जातो तें जुनें आंबेगांवच घोड नदीच्या पाण्यांत बुडालें. कचेरी घोडेगांवास आहे. तेथील म्हाताऱ्यानें आपलें गांव विचारल्यावर बुडालेल्या गांवाचें नांव सांगितलें, तर त्याला चूक मानावें कीं बरोबर? उलट हिरड्याचा भाव यंदा काय होता, कोणत्या नक्षत्रांत राब भाजावयाचा, कोणत्या सोयऱ्याची मुलगी कोठें दिली, हें विचारलें तर त्याच माणसाची खरी स्थिति चटकन् कळेल. वैद्यकांत हिरड्याला बुद्धिवर्धक म्हटलें आहे, तो भाग निराळा.

निदानाविना नुकसान काय होतें, असें कोणी विचारील. कारण आल्झायमरच्या विकारावर मुळांतून बरें करणारें औषध अद्याप नाहीं. परंतु जें जें म्हातारचळासारखें दिसतें तें सारें आल्झायमरचेंच असतें असें नाहीं. बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव, कंठग्रंथीची मंदता, पडल्यामुळें कवटीच्या आंत सांचलेलें रक्त, खोल उदासी, यांमुळेंहि वृद्ध माणूस विसराळू आणि भ्रमिष्ट होतो, आणि यांतील पुष्कळ गोष्टींवर इलाज आहे. शहरांतील सुशिक्षित घरांत आजोबा दोनदां वाट चुकले कीं मुलगा त्यांना तज्ज्ञाकडे नेतो, रक्त तपासलें जातें, मेंदूचें चित्र निघतें, आणि शंभरांतील कांहींचा दोष औषधानें जातोहि. जुन्नरपासून पुणें ५५-६० मैल, आणि डोंगरांतील वाडीपासून जुन्नर आणखी निराळें. ज्याचा विकार उतरण्याजोगा होता असा वृद्धहि तेथें भगताच्या अंगाऱ्यावर आणि ‘वय झालें’ या दोन शब्दांवर दिवस काढतो. भगताला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. तो निदान घरीं येतो.

या दोन शब्दांविषयीं लॉरेन्स कोहेन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचें निरीक्षण ध्यानांत घेण्याजोगें आहे. काशींत राहून त्यानें लिहिलेला ग्रंथ १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. सुखवस्तु वसाहतींत म्हाताऱ्याच्या चिडखोर बडबडीला ‘डोकें तापलें’ असें म्हणत आणि मुलेंसुना नीट वागवीत नाहींत काय, अशी कुजबुज होई. गंगेकांठच्या दलित वस्तींत मात्र त्याच प्रश्नाला ‘कमजोरी’ हें उत्तर मिळे. जन्मभर अंगमेहनत आणि अर्धें पोट, मग डोकें कोठून राहणार, असा तो हिशेब. दोन वस्त्यांत रोग एकच असेल, पण एका ठिकाणीं तो स्वभाव ठरला आणि दुसऱ्या ठिकाणीं भूक. आपल्या डोंगरांतहि दुसरेंच उत्तर ऐकूं येईल, आणि तें सर्वस्वीं चूकहि नाहीं. जगांतील तज्ज्ञांच्या लॅन्सेट आयोगानें २०२४ सालीं स्मृतिभ्रंशाच्या टाळतां येण्याजोग्या १४ कारणांची यादी केली. लहानपणीं शिक्षण कमी मिळणें, ऐकूं कमी येणें, दृष्टि जाणें, रक्तदाब, धूम्रपान, एकटेपणा, हवेंतील प्रदूषण हीं त्यांत आहेत. आणि सगळीं टाळलीं तर जगांतील सुमारें ४५ टक्के विकार टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अदमास. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कानाचें यंत्र आणि रक्तदाबाची रोजची गोळी या गोष्टींना मोठें इस्पितळ लागत नाहीं. ज्यांच्या लहानपणीं वाडीवर शाळाच नव्हती त्यांच्या बाबतींत यादींतील पहिलें कारण मात्र आतां कोणालाहि पुसून टाकतां येणार नाहीं.

देशाचा आंकडा आज उपलब्ध आहे. ‘लासी-डॅड’ या पाहणींत २०१७ ते २०२० या काळांत ४,०९६ वृद्धांची तपासणी झाली, आणि २०२३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं ६० वर्षांवरील शंभर भारतीयांत ७.४, म्हणजे एकंदर सुमारें ८८ लाख, स्मृतिभ्रंशानें ग्रस्त आहेत. शहरांत हें प्रमाण ५.३ टक्के, खेड्यांत ८.४, पुरुषांत ५.८, स्त्रियांत ९. बल्लभगडचा लहान आंकडा आणि हा मोठा आंकडा यांच्या कसोट्या आणि वयोमर्यादा निराळ्या, म्हणून त्यांची सरळ वजाबाकी करूं नये. तथापि खेडें आणि स्त्री या दोन शब्दांपाशीं आंकडा चढतो, हें उघड आहे. राज्यांराज्यांतलें अंतरहि त्या पाहणींत दिसतें. पण महाराष्ट्राच्या लोकसंख्येंत २०११ च्या शिरगणतीप्रमाणें ९.३५ टक्के असलेल्या आदिवासींचा, त्यांतहि एका तालुक्याच्या पश्चिम भागाचा, आंकडा चार हजारांच्या नमुन्यांतून निघूं शकत नाहीं. तो दोष पाहणीचा नव्हे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, १९८७ चा मानसिक आरोग्याचा कायदा जाऊन २०१७ चा आला. कागद पुष्कळ झाले.

कागदाबाहेर काय होऊं शकतें तें गोव्यानें दाखविलें. विकसनशील देशांत जगांतील दोन-तृतीयांश रोगी असतां संशोधनांतील दहा टक्केहि वांटा त्यांच्या वांट्याला येत नाहीं, हा अन्याय नांवांतच बांधून १९९८ सालीं ‘टेन-सिक्स्टीसिक्स’ नांवाचा संशोधकांचा गट कोचीन येथें जमला. त्या गटाशीं संबंधित डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं बारदेश व तिसवाडी या तालुक्यांत ८१ कुटुंबें घेऊन एक प्रयोग केला, त्याचा वृत्तांत २००८ सालीं आला. मोठे डॉक्टर घरोघर पाठवावयाचे नाहींत. गांवांतीलच साध्या माणसांना शिकवून त्यांनीं घरीं जावयाचें, विकार म्हणजे काय तें घरच्यांना समजावयाचें, रात्रीं जागणाऱ्या वृद्धाला कसें सांभाळावें तें सांगावयाचें, सरकारी मदतीचा अर्ज भरून द्यावयाचा, आणि जरूर तेथेंच डॉक्टर बोलवावयाचा. सहा महिन्यांनीं रोग्यांचा विकार गेला नव्हता, पण सांभाळणाऱ्या लेकीसुनांच्या मनावरील ताण निश्चित उतरला होता. कोंकणी बोलणाऱ्या घरांत जें झालें तें महादेव कोळ्यांच्या घरांत होणार नाहीं असें मानावयास आधार नाहीं.

या गटानें वापरलेल्या कसोट्यांपैकीं एकीचा उगम पाहिला तर ती डोंगरी माणसांना परकीहि नव्हे. कॅनडांतील मॅनिटोबा प्रांतांत क्री नांवाची आदिवासी जमात आहे. त्यांच्यांतील वृद्धांना शाळकरी प्रश्न विचारणें व्यर्थ आहे हें पाहून संशोधकांनीं १९९३ च्या सुमारास निराळी युक्ति काढली. वृद्धाला थोडे प्रश्न विचारावयाचे आणि बाकीचे त्याच्या घरांतल्या माणसाला. तो पैसे कोठें ठेवले तें विसरतो काय? ओळखीच्या वाटेवर चुकतो काय? अंगरखा उलटा घालतो काय? पूर्वीं करीत असलेलीं कामें त्यानें सोडलीं काय? हीच कसोटी पुढें इबादान आणि इंडियानापोलिस येथें गेली, आणि तेथून गोव्यालाहि आली. तिला अक्षरओळख लागत नाहीं, तारीख लागत नाहीं. लागते ती रोज त्या वृद्धाजवळ वावरणारी सून किंवा लेक.

भाताचीं कामें संपलीं कीं या वाड्यांतील कर्तीं माणसें मजुरीसाठीं पूर्वेकडील बागायतींत जातात. धरणांचें पाणी त्या बाजूस गेलें असल्यानें काम तिकडेच. नारायणगांवच्या टोमॅटोच्या शेतांत आणि बाजारांत पश्चिमेकडील मजुरांची गर्दी असते. कांहीं जण तेथेंच पालें ठोकून राहतात, कांहीं रोज पहाटे निघतात. घरीं म्हातारा आणि शाळेंतून परतलेलें एखादें नातवंड. पाहणीदाराची गाडी वाडीवर पोंचते ती सकाळीं अकराला, आणि घरच्या माणसाला विचारावयाचे प्रश्न त्याच्या पिशवींत असतात. ज्या सुनेला ते विचारावयाचे ती दिवेलागणीनंतर परत येते.